केबल तोडली, आता केबलवाला आपणच

केबलवाल्याची एक मोठी सोय होती. शिव्या द्यायला माणूस ठरलेला असायचा. चॅनेल गेलं की त्याला फोन, फोन उचलला नाही की त्याचं घर, घरी नसला की चौकातली टपरी. इंटरनेटवरचा टीव्ही घेतला की हा माणूसच नाहीसा होतो. चित्र अडलं की टीव्ही कंपनी म्हणते नेट तपासा, नेटवाला म्हणतो वायफाय तपासा, अ‍ॅपवाले म्हणतात टीव्ही जुना झालाय, आणि आबा खाटेवरून म्हणतात, "काय रे भो, नुसती चक्रीच फिरी राहिनी!" या सगळ्यांच्या मध्ये हातात रिमोट घेऊन जो उभा असतो, तो घरचा नवा केबलवाला. हे त्याच्यासाठी.

स्वस्त पडेल म्हणून केबल तोडत असाल तर आधी कागदावर आकडे मांडा. २०१९ साली ट्रायची, म्हणजे टीव्ही-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी दरपद्धत आली, तेव्हा १०० चॅनेलांपर्यंतचं नेटवर्क भाडं १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होतं. पैसेवाल्या चॅनेलांचे दर वेगळे. तेव्हा लोक ओरडले. आता तेच लोक नेटचं बिल वेगळं, दोन-तीन अ‍ॅपांचं वेगळं भरतात आणि गप्प असतात, कारण पैसे खात्यातून आपोआप जातात. त्यात स्वस्तातला प्लॅन बऱ्याचदा फक्त मोबाइलपुरता असतो. टीव्हीवर तो उघडतच नाही. आणि एका वेळी दोनच पडदे चालत असतील, तर पुण्याला शिकणाऱ्या नातीला पासवर्ड दिला की आबांची मालिका बंद पडणार, हे धरून चला.

वेग म्हणाल तर फार लागत नाही. एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, ४केला १५ ते २५. डेटा मात्र बकासुरासारखा जातो: एचडीला तासाला साधारण ३ जीबी. रोजचा दीड जीबीचा मोबाइल पॅक हॉटस्पॉटवरून टीव्हीला जोडला, तर मालिकेतली सासू पूर्ण बोलायच्या आत तो संपतो. म्हणून फायबरचं कनेक्शन हवंच.

ते आलं की खरी गंमत सुरू होते, कारण नेटवाला राऊटर दाराजवळ ठोकून जातो. त्याची वायर तिथपर्यंतच पुरते, किंवा पुरते असं तो म्हणतो. टीव्ही असतो आतल्या खोलीत. आपल्या खानदेशातली जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना पुढचं सांगायला नको. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५च्या वर गेला तरी जी मातीची जाड भिंत ऊन आत येऊ देत नाही, ती वायफायला काय येऊ देणार? त्यात भिंतीला टेकून लोखंडी कपाट. राऊटरजवळ मोबाइलवर ५० एमबीपीएस दिसतात, टीव्हीपाशी ४. वेग नेहमी टीव्हीजवळ उभं राहून मोजा; दारात मोजलेला वेग दारातच राहतो.

राऊटर दोन नावांनी दिसत असेल, तर शेवटी ५जी लिहिलेलं नाव ५ गिगाहर्ट्झचं; मोबाइलच्या ५जीशी त्याचं काही नातं नाही. ते वेगवान, पण भिंतीला घाबरतं. दुसरं २.४चं हळू, पण एखादी भिंत ओलांडतं. दोन भिंती आल्या की मी सरळ म्हणतो, वायफायचा नाद सोडा. कॅट ६ची लॅन वायर ओढा, खिळ्यांऐवजी क्लिप मारा, टीव्हीच्या मागच्या लॅन पोर्टात खोचा. टीव्हीचं पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचंच असतं, आणि तेवढं रग्गड आहे. आणि त्या राऊटरवर क्रोशाचं कव्हर घालू नका हो. आधीच पत्र्याखाली तापतो बिचारा.

चित्र थांबलं तर आधी राऊटरचे दिवे बघा. एलओएसचा दिवा लाल म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाही. तुम्ही रिमोट कितीही आपटा. कापूस लादलेली उंच गाडी गल्लीतून गेली की वायर तुटते, नाहीतर घरातच कुणीतरी ती पिवळी वायर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली असते. फायबरला घट्ट वळण चालत नाही. दिवे हिरवे आणि तरी चक्री? मग टीव्ही नि राऊटर दोन्ही भिंतीवरच्या बटणानं बंद करा, रिमोटनं टीव्ही फक्त डुलकी घेतो. अर्ध्या मिनिटानं आधी राऊटर, दिवे स्थिरावले की टीव्ही.

साध्या टीव्हीवर अ‍ॅप चालवणारी स्टिक मागे लावलीत, तर तिला तिचाच ५ व्होल्ट १ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर द्या. टीव्हीच्या साध्या यूएसबीतून अर्धाच अँपियर मिळतो. स्टिक सुरू होते, आणि ऐन रंगात आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एक खोडी मात्र भल्याभल्यांना चकवते. लाइट जाऊन आली की काही टीव्ही तारीख विसरतात आणि स्वतःला कुठल्या तरी जुन्या १ जानेवारीत नेऊन बसवतात. मग नेट असून एकही अ‍ॅप उघडत नाही, कारण सुरक्षेची प्रमाणपत्रं त्या तारखेला जन्मालाच आलेली नसतात. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'नेटवर्कवरून आपोआप' करा. लाइट गेल्यावरही राऊटर चालू राहावा म्हणून त्याला मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुतेक १२ असतात. नेटवाल्याच्या ऑफिसातही लाइट नसेल आणि बॅटरी बसली असेल, तर तुमचा यूपीएस फक्त लाल दिवा तेवत ठेवेल.

डिशला जोराच्या पावसात चित्र जातं, फायबरला पावसाचं काही नाही. क्रिकेटमध्ये मात्र डिशवालाच पुढे. अ‍ॅप सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवतं आणि चार तुकडे साठवून मग दाखवतं, त्यामुळे साधारण अर्धा मिनिट उशीर होतो. शेजारचे डिशवाले जिभाऊ "गया रे गया!" म्हणून ओरडतात, तेव्हा आपल्याकडे गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत असतो. नेटचा वेग वाढवून यात फार फरक पडत नाही. खिडकी लावा, घरच्या ग्रुपचा मोबाइल उपडा ठेवा, नाहीतर शेवटच्या पाच षटकांना सरळ जिभाऊंकडे जाऊन बसा. चहा होतो.