आप्पांनी भाव वाढवला

40 रुपये किलोनं ठरलेला कॉम्प्युटर मला 1800 रुपयाला पडला, आणि वरतून त्याचा कीबोर्ड एका माणसाला फुकट दिला गेला, माझ्या डोळ्यासमोर. आठवडा झाला, अजून जेवताना आठवतं.

मला जुन्या कॉम्प्युटरचा नाद आहे. घरी याबद्दल काय बोलतात ते जाऊ द्या. जळगावच्या एमआयडीसीत, आसपासच्या गल्ल्यांत ई-कचरा घेणारी शेडं आहेत, तिथं मी मधून मधून चक्कर मारतो. यावेळी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर गेलो. पत्र्याचं शेड, ऊन डोक्यावर, कुत्रं पण काट्याच्या खाली सावलीत आडवं. ढिगात प्रिंटर, सेट-टॉप बॉक्स, सीएफएल, आणि तळाशी एक आडवा डबा, वर अर्धं फाटलेलं स्टिकर, नुसतं 'फ्रूटसेल सोसायटी' एवढं वाचता येत होतं. म्हणजे रावेर-यावल भागातली केळीची सोसायटी असणार. काट्यावर 12 किलो भरला. 480 झाले. मी 500 ची नोट काढली पण.

आणि तेवढ्यात आप्पा बोलले.

आप्पा म्हणजे कोण ते मला आजही माहीत नाही. ते आपला जुना कूलर विकायला आले होते आणि तोच आडवा टाकून त्याच्यावर बसले होते. धोतर, टोपी, हातात चहाचा कागदी कप. कूलरचा व्यवहार कधीच संपलेला होता, मोटरच्या तांब्याचे पैसे घेऊन खिशात पण टाकलेले होते, पण एवढ्या उन्हात बाहेर कोण जाणार, म्हणून बसले होते. रिकामा माणूस फार वाईट.

"काय से भो हाई?"

"जुना कॉम्प्युटर आहे आप्पा."

"चालू से का?"

"नसेल बहुतेक."

"मंग कसाले ली राह्यना?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, हौस आहे. आप्पांनी दुकानदाराकडे पाहिलं, दुकानदारानं आप्पांकडे पाहिलं. आपल्याकडे हौस म्हणजे लग्नात दोन बँड लावणं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. बंद पडलेला डबा पैसे देऊन घरी नेणं ही हौस कोणाच्या बापाला पटणार नाही.

"हौस म्हनीसन कोनी भंगार लेत नई," आप्पा दुकानदाराला म्हणाले, मी तिथं नसल्यासारखे. "मन्हा भाचा सुरतले से. तो सांगे, कॉम्प्युटरमा सोनं ऱ्हास."

झालं. जळगावात, सराफ बाजारापासून फार तर दोन-चार किलोमीटरवर, आखाजीच्या आठवड्यात, सोनं हा शब्द उच्चारला गेला. दुकानदाराचा 500 च्या नोटेकडे आलेला हात मागे गेला. "भाऊ, आप्पा म्हणताय ते खरं आहे का?"

मी म्हटलं, हो, असतं, पण पिनांवर नुसता मुलामा असतो, मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि चिपच्या आत केसाहून बारीक तारा. ते काढायचं तर नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडात सगळं उकळावं लागतं, त्याच्या वाफेनं फुप्फुसं जातात, आणि अख्ख्या बोर्डातून हाताला लागणार काय तर मिलिग्रॅम.

"म्हंजे से ना?" आप्पा म्हणाले.

"आहे आप्पा, पण मिलिग्रॅम..."

"आपन कुठं तोळा म्हनलं?"

याच्यावर काही बोलताच येत नाही, बोलून बघा. मी बरंच बोललो. सोन्यापेक्षा अ‍ॅसिड महाग पडेल हे सांगितलं. आप्पा मान डोलवत होते आणि शेवटी दुकानदाराला म्हणाले, "पाह्य, याले सम्दं माहीत से. उगाच नई लेत तो." म्हणजे मला माहिती होती हाच पुरावा झाला! मला काही येत नसतं तर 480 मध्ये घरी गेलो असतो. दुकानदारानं 3000 सांगितले. आप्पांनी मग मोठ्या मनानं मध्यस्थी केली, माझ्या वतीनं हं, मी न सांगता, आणि 1800 वर आणले. वर मला म्हणाले, "वाचाडं तुले." वाचवलं म्हणे.

तुम्ही म्हणाल सोडून द्यायचा. नव्हता सोडता येत. झाकण उचकटून बघितलं होतं मी. आत 386 प्रोसेसर होता, इंटेलनं 1985 ला काढलेला. तोही काही फार दुर्मीळ नाही, कारखान्यांतल्या यंत्रांसाठी कंपनी तो 2007 पर्यंत बनवत होती. पण बाजूच्या स्लॉटमध्ये एक लांबलचक कार्ड होतं, धुळीच्या थराखाली, बोटानं पुसलं आणि माझा श्वासच अडकला. जिस्ट कार्ड. नवीन पोरांना सांगतो: डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळात पडद्यावर मराठी उमटणं ही साधी गोष्ट नव्हती. आयआयटी कानपूरला त्याचं मूळ काम झालं आणि मग 1988 ला पुण्यात सुरू झालेल्या सीडॅक या सरकारी संस्थेनं ते पुढं नेऊन कार्ड बाजारात आणलं. हे कार्ड बसवलं की मजकूर टाइप करायचा वर्डस्टार, याद्या ठेवायचा डीबेस असे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम देवनागरीत चालायचे. त्याच सीडॅकचा 1991 चा परम सुपरकॉम्प्युटर स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक गाइडात आहे. जिस्ट कुठंच नाही. परमवर तुमच्या-माझ्यापैकी कोणी काही केलं नाही, पण जिस्टवर हजारो कारकुनांनी मराठीत याद्या टाइप केल्या, आणि ती कार्डं आज किलोवर चालली आहेत.

राग कसला येतो तर याचा. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, चांगलेच आहेत, अ‍ॅसिडवाल्यांचे उघड्यावरचे धंदे बंद व्हायलाच पाहिजेत. पण ऑफिसातला जुना माल एकदा भंगारात काढायचा ठरला की त्यातलं एखादं यंत्र बाजूला ठेवावं असं वाटणारा माणूसच साखळीत कुठं नसतो. शिपाई टेम्पोत फेकतो, टेम्पोवाला शेडात फेकतो, शेडवाला फोडतो. नाहीतर मग आप्पा असतात.

तर कीबोर्ड. जाड पाच पिनांचा गोल प्लग, आणि कळांवर इंग्रजीशेजारी देवनागरी अक्षरं छापलेली, क च ट, इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीची. वायरीचं भेंडोळं घालून तो डब्याच्या शेजारीच पडला होता. मी 1800 मोजले, डबा उचलला, कीबोर्डकडे हात नेला तर आप्पांनी तो आधीच मांडीवर घेतलेला. टकटक करून बघत होते. "नातूले खेळाले व्हई."

"घेऊन जा ना आप्पा," दुकानदार म्हणाला.

मी म्हटलं अहो तो याचाच आहे, सेट आहे हा! दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही डब्याचं बोलले होते. कीबोर्डचं कुठं बोलले?" 12 किलोचे 1800 देणाऱ्याला ही भाषा, आणि ज्यानं चहा पण त्याचाच प्यायला त्याला फुकट. आप्पा कीबोर्ड काखेत मारून, त्या उन्हात, चालते झाले. इतका वेळ निघवत नव्हतं ना उन्हात!

दुरुस्तीचं थोडक्यात. त्या काळच्या बोर्डांवर घड्याळासाठी 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाग देऊन बसवलेली असायची आणि ती वयानं फुटून गळतेच, हिरवट थर चढतो, तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो. ती कापून काढली. व्हिनेगरनं पुसलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, तुटलेल्या दोन रेघांवरून बारीक वायर जोडली. पुढची प्लास्टिकची पट्टी चहासारखी झाली होती, तिला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचं असतं. यासाठी 12 टक्क्याचं, म्हणजे 40 व्हॉल्यूमचं क्रीम ब्यूटीपार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळतं. दुकानातल्या ताई म्हणाल्या, "वहिनींना कोणता शेड पाहिजे?" मी म्हटलं शेड नको, कॉम्प्युटरला लावायचंय. त्यांनी पैसे घेतले आणि पुडकं काउंटरवरून माझ्याकडे नुसतं सरकवलं.

बाकी जग यासाठी यूव्हीचे दिवे विकत आणतं, आपल्याकडे मे महिना आहे. गच्चीवर आईचे बिबडे वाळत होते, त्यांच्या शेजारी पट्टी ठेवली, क्रीम सुकू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळून. आईनं बिबडे उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेले. "तुझं ते विष इकडं नको." संध्याकाळी पट्टी पांढरी झाली, थोडे पट्टे राहिले, पण चालतं.

आणि चालू झाला हो! डिस्क घरघरली, जिस्टचा प्रोग्राम चढला आणि काळ्या पडद्यावर मराठी. डीबेसमध्ये एक फाइल सापडली, केळीच्या वॅगनांची यादी, तारीख, स्टेशन सावदा, पुढं दिल्ली. मी एकटाच ती वाचत बसलो, रात्री लाइट गेली तोवर.

फक्त टाइप करता येत नाही धड. नवा कीबोर्ड कन्व्हर्टर लावून जोडलाय, पण त्याच्यावर अक्षरं नाहीत, आणि माझं इनस्क्रिप्ट कच्चं. एक शब्द लिहायला मोबाइलवर चित्र उघडून ठेवावं लागतं. म्हणून काल शेवटी लाज सोडून दुकानदाराला फोन केला, म्हटलं आप्पांकडून कीबोर्ड परत मिळतो का बघा, 300 देतो.

"विचारलं भाऊ. आप्पा म्हणता, त्याच्यात चांदी राहते."

राहते. हीच तर पंचाईत आहे. स्वस्त कीबोर्डांत कळांखाली प्लास्टिकचा पडदा असतो, त्याच्यावरच्या रेघा चांदीच्या शाईच्या असतात. मी गप्प बसलो, यावेळी एक अक्षर समजावून सांगितलं नाही. पण आप्पा तिथंच बसलेले होते, मागून आवाज आला, मग फोनच हातात घेतला त्यांनी.

"हां भो, बोल. कितला देशी?"