खडीच्या चुरीतून तांबं, झाडणीतून सोनं?

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरतो आहे. खडी क्रशरच्या चुरीवर किंवा सराफ बाजाराच्या झाडणीवर 'धातूखाऊ' जिवाणूंचं कल्चर फवारा. आम्ल नको, भट्टी नको, ३० दिवसांत तांबं-सोनं सुटं, प्रदूषण शून्य. यातलं एकेक वाक्य तपासू.

'जिवाणू दगड खाऊन धातू बाहेर टाकतात.'
दगड कोणी खात नाही. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू जगतो तो फेरस लोहाचं फेरिक लोह (लोहाचीच दोन रूपं) आणि गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल करून. तांबं सोडवतं ते फेरिक. गंधकी खनिज फोडताना ते पुन्हा फेरस होतं आणि जिवाणू त्याला परत फेरिक करतो. म्हणजे आधी गंधकी खनिज हवं. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या धातुकात ते आहे, तांबं टनामागे साधारण १० किलो. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, तांबं टनाला शे-दोनशे ग्रॅम, तेही विखुरलेलं, आणि गंधकी खनिजं नावापुरती.

'आम्ल लागत नाही.'
खरी मेख इथे आहे. या जिवाणूला सामू (pH, जितका कमी तितकं पाणी आंबट) १.५ ते २ लागतो. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरं कॅल्साइट भरलेलं असतं. त्यावर आम्लाचा थेंब टाकला की चर्रकन फेस येतो. १ किलो कॅल्साइट जवळपास १ किलो सल्फ्युरिक आम्ल गिळतं. चुरीत ५ टक्के कॅल्साइट धरलं, तर टनामागे ४९ किलो आम्ल नुसतं फेस काढण्यात जाईल. सामू २.५च्या वर सरकला की फेरिक गाळ होऊन बसतं, कणांवर पिवळट साल चढते आणि काम थांबतं. फवारा कितीही मारा.

कल्चर जिवंत आहे का, हे मात्र तपासता येतं. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ४४ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), ३ ग्रॅम अमोनियम सल्फेट, पोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट अर्धा-अर्धा ग्रॅम घालायचं आणि आम्लाने सामू २ वर आणायचा. दोन बाटल्या भरून एकीतच कल्चर टाकायचं, दोन्हींत माशांच्या टाकीच्या पंपाने हवा सोडायची. कल्चर चांगलं असेल तर फिकट हिरवं पाणी काही दिवसांत तांबूस होतं, दुसरी बाटली हिरवीच राहते. सामू न उतरवता केलं, तर नुसत्या हवेनेच दोन्ही बाटल्या तांबूस होतात आणि विकणाऱ्याचं फावतं. बाटल्या ३० अंशांच्या आसपास ठेवायच्या. भुसावळच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेलं कल्चर जगणार नाही.

'खिळ्यावर तांबं चढलं, हा घ्या पुरावा.'
मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात लोखंडी खिळा बुडवा, मिनिटा-दोन मिनिटांत तोच लाल थर दिसेल. पाण्यात तांबं आहे एवढंच यातून कळतं, ते चुरीतून आलं की आधीच टाकलेल्या मोरचुदाच्या पुडीतून, हे नाही.

'सोनंही निघतं.'
दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून हे जिवाणू वापरात आहेत, पण ते फक्त सोन्याभोवतीचं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) फोडतात. सोनं गाळातच राहतं आणि पुढे सायनाइडनेच काढावं लागतं. त्याआधी चुना घालून सामू १०च्या वर नेतात, नाहीतर विषारी वायू सुटतो. सराफ बाजाराच्या झाडणीत तर सोनं सुटंच असतं. झारेकरी ते पाण्याने धुऊन काढतात. तिथे जिवाणूला काय काम? क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम सोनं विरघळवतो हे खरं, पण स्वतः सायनाइड तयार करून. घरच्या बादलीत तो नको.

'प्रदूषण शून्य.'
फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू १९४७ साली सापडला तोच कोळसा खाणीतल्या आम्लयुक्त पाण्यात. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांतल्या नद्या अशाच पाण्याने आंबट झाल्या. कोणी पिंप लावलंच असेल, तर उरलेलं पाणी नाल्यात ओतू नये. थोडा-थोडा चुना घालत सामू ८-९ वर आणावा आणि तळाशी बसलेला गाळ वेगळा ठेवावा. त्यात तांबं असतं, म्हणून तो खत समजून केळीच्या बुडाशीही टाकू नये.