मत्स्यबीज सोडल्याने नदी भरत नाही

दिवाळीत नागपूरला धरमपेठेत मावसभावाकडे जेवताना वैनगंगेतील मासेमारीचा विषय निघाला आणि त्याने तो एका वाक्यात निकालात काढला. “गोसीखुर्द धरणात मत्स्यबीज सोडा, दोन वर्षांत मासेच मासे, पंचवीस वर्षांचे आराखडे कशाला पाहिजेत?” मी प्रतिवाद करू लागलो तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, तू तिकडे राहून आम्हाला नदी शिकवू नको.” अमेरिकेत, हिल्सबरोला परतून दोन महिने झाले, तरी ते बोलणे मनातून जात नाही.

इथे कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणात १९३८ पासून मासे मोजले जातात. मत्स्यसोपानाच्या, म्हणजे माशांना धरण चढून जाता यावे म्हणून बांधलेल्या पायऱ्यांच्या, काचेमागे बसलेला माणूस वर चढणारा प्रत्येक मासा जातीनुसार नोंदवतो. सप्टेंबरात मी तिथे उभा असताना शेपटी झिजून पांढरी पडलेला एक चिनूक जातीचा सॅमन तीनदा प्रवाहाने मागे लोटला गेला. चौथ्यांदा तो पुढे सरकला, तेव्हा कुठे त्याची नोंद झाली. १९८० च्या कायद्याने या खोऱ्यासाठी मत्स्य आराखडा बंधनकारक केला, पहिला आराखडा १९८२ मध्ये आला आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार होतो. सॅमनला जन्मल्यापासून समुद्रात जाऊन परत यायलाच साधारण तीन ते पाच वर्षे लागतात. मग दोन वर्षांत कोणत्या पिढीचा हिशेब मांडायचा? बीज म्हणाल तर हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रांतून, इथेही दरवर्षी कोट्यवधी पिल्ले सोडतात, तरी २०२५ पर्यंत ५० लाख मासे परत आणण्याचे उद्दिष्ट गाठता आले नाही.

आपल्याकडे सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा विणत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी नव्याने विकत आणावे लागते. त्यांना वाहते पाणी हवे, पावसाळ्यात पूर काठावर पसरायला हवा. नागपूर मात्र पेंच आणि कन्हानचे पाणी पिते आणि आपले सांडपाणी नाग नदीत सोडते. तेच पाणी कन्हानमधून वैनगंगेला मिळून गोसीखुर्दात येते. धरणातून कोणत्या महिन्यात किती पाणी सोडायचे, विणीच्या जागा कशा राखायच्या, सांडपाणी कुठे अडवायचे आणि हे ठरवताना मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला कुठे बसवायचे, हे प्रश्न बीजाच्या पिशव्यांनी सुटणार नाहीत.

त्या रात्री मी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. कोलंबियावरील ‘द डॅल्स’ धरणाने १० मार्च १९५७ रोजी सेलिलो धबधबा बुडवला. तिथे आदिवासी हजारो वर्षे सॅमन धरत आले होते आणि १८५५ च्या करारांनी त्यांचा तो हक्क मान्यही केला होता. ज्या देशाचे दाखले मी अभिमानाने देत होतो, त्याने नदी आधी मोडली आणि आराखडा नंतर केला. हे मी मुद्दाम वगळले, कारण मला वाद जिंकायचा होता.

त्याहून अवघड गोष्ट घरातली आहे. माझे वडील सरकारी अभियंता होते. वैनगंगेच्या खोऱ्यात कालव्यांची आखणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि माझे शिक्षण त्याच पगारावर झाले. आई महालातल्या बुधवारी बाजारात एका ढिवरीण मावशीकडून मरळ घ्यायची. मावशी हाताला राख चोळून तो निसटता मासा धरायची आणि तो कोणत्या डोहातला हे न विचारता सांगायची. वडिलांच्या जुन्या डायऱ्या मी या दिवाळीत चाळल्या. त्यांत विसर्ग आहे, पाणलोट क्षेत्र आहे, कालव्याची लांबी आहे. माशाचे नाव एकदाही नाही.

गेल्या रविवारी मी त्यांना फोनवर विचारले की अंभोऱ्याला कन्हान आणि वैनगंगेच्या संगमावर, धरणाचे पाणी चढण्यापूर्वी, ढिवर कोणते मासे धरायचे. बराच वेळ थांबून त्यांनी मरळ, वाम, शिंगटा आणि झिंगे सांगितले. आणखी एक होता, त्याचे नाव आठवेना. शेजारी बसलेल्या मावसभावाने फोन घेतला आणि म्हणाला, अंभोऱ्याला जाऊन विचारून येतो.