नवी कोंबडी कधी मिसळायची, हे घरातल्या बाईला ठरवू द्या

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीकडे धान निघालं, हातात चार पैसे खेळू लागले की आठवडी बाजारातून कोंबड्या घरी यायला लागतात. आणणारा बहुतेक वेळा घरचा पुरुष. गाडीच्या हँडलला पाय बांधून उलटी लटकवलेली कोंबडी दिवस बुडायच्या सुमारास अंगणात उतरते, सुतळी सुटते आणि ती सरळ खुराड्यात टाकली जाते. "राहतील मिसळून दोन दिवसांत" म्हणून माणूस हातपाय धुवायला जातो. पुढचं सगळं मग बाईकडे. चोचावलेल्या कोंबडीचं रक्त पुसणं तिच्याकडे, अंडी बंद झाली म्हणून बोलणी खाणं तिच्याकडे, आणि आठ-पंधरा दिवसांनी कोंबड्या पटापट मान टाकू लागल्या तर खड्डा खणणंही तिच्याकडेच.

मी गावात पशुसखीचं काम करते. शेळ्या-कोंबड्यांचं दुखणंखुपणं पाहत घरोघरी फिरते. त्या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते मला सगळ्यांसमोर मांडायचं आहे. नवी कोंबडी आणायची की नाही, आणली तर किती दिवस वेगळी ठेवायची आणि कधी मिसळायची, हे जिच्या हातचा दाणा त्या कोंबड्या टिपतात तिनंच ठरवलं पाहिजे. धानाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे, नवऱ्याच्या खात्यात जमा होतो. कोंबड्यांचे पैसे मात्र बाईच्या हातात येतात. पोरीची वही, सासूच्या गोळ्या, बचत गटाचा हप्ता, माहेरी जायचं तिकीट, हे सगळं त्यातून निघतं. तिला न विचारता बाजारातली अनोळखी कोंबडी तिच्या कोंबड्यांत सोडणं म्हणजे तिचा पैसा तिच्या परवानगीशिवाय डावावर लावणं आहे.

"एका कोंबडीनं का होते जी ताई?" असं मला पुष्कळजण विचारतात. एका कोंबडीनं आख्खा खुराडा रिकामा होतो, भाऊ.

बाजारात कोंबडी का येते, याचा विचार करा. कोणाला पैशाची नड असते, कोणाकडे कोंबड्या जास्त झालेल्या असतात, ते ठीक. पण एखाद्या गावात मानमोडी शिरली, दोन कोंबड्या मेल्या की उरलेल्या धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या लोक सगळ्यात आधी बाजारात नेतात. मरण्याआधी विकून मोकळं व्हावं, हा हिशेब. ती धडधाकट दिसणारी कोंबडी मग तुमच्या घरी येते. या आजाराला डॉक्टर राणीखेत म्हणतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 15 दिवस लागू शकतात. तेवढे दिवस ती कोंबडी खाते-पिते, फिरते आणि विष्ठेतून, नाकातोंडाच्या पाण्यातून विषाणू पसरवत राहते. नंतर हिरवट पातळ हागवण लागते, पंख लोंबतात, चोच उघडी टाकून श्वास घेते, मान पिळवटते. त्यावर औषध नाही. लस आधी दिलेली असेल तरच कोंबड्या वाचतात.

म्हणून नवी कोंबडी वेगळी ठेवायला मी तीन आठवडे म्हणते. पंधरा दिवस आजार दबा धरून बसू शकतो, वर थोडे दिवस खात्रीसाठी. हे दिवस माझ्या मनाचे नाहीत, आजाराच्या स्वभावातून आलेले आहेत.

वेगळी ठेवायला शेड लागत नाही. बुरडाकडचं एक मोठं डालं, म्हणजे कोंबडी झाकायची बांबूची टोपली, पुरतं. ते घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा, सांदवाडीत, म्हणजे परसात, जिथं आपल्या कोंबड्या उकरायला जातात तिथं नको. पाण्याचं भांडं वेगळं. सकाळी आधी आपल्या कोंबड्यांना दाणापाणी, मग नवीला, आणि तिच्याकडून आलं की हातपाय साबणानं धुवायचे. डालं रोज हातभर सरकवायचं आणि खालची घाण माती टाकून झाकायची.

पहिल्याच दिवशी तिला मांडीवर घेऊन नीट तपासा. पंख उचलून काखेत पाहा, शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. उवा असल्या तर तिथंच पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे गठ्ठे चिकटलेले असतात. पायाची खवलं उचललेली, भुरकट झाली असली तर ती खरूज. डोळ्यात फेस आहे का, नाक वाहतं का, तुऱ्यावर देवीच्या खपल्या आहेत का, हे पाहून घ्या. रात्री सगळं निजानीज झालं की डाल्याला कान लावा. निरोगी कोंबडी आवाज न करता झोपते. आजारी असेल तर घरघर नाही तर शिंकल्यासारखा टकटक आवाज येतो, आणि दिवसाच्या गलबल्यात तो कधीच ऐकू येत नाही. अंघोळीला तिला चुलीतली गार राख आणि कोरडी माती मिसळून एका घमेल्यात द्या. ती त्यात लोळून बऱ्याच उवा स्वतःच झाडून टाकते.

लसीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. राणीखेतची लस महाग नाही. अडचण वेगळीच आहे. एक बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि फोडली की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची बाई ती एकटीनं कशी घेणार? म्हणून गटाच्या बैठकीत दिवस ठरवा, साऱ्या टोलीच्या, म्हणजे वस्तीच्या, कोंबड्या सकाळी सोडायच्या आधी एकाच दिवशी टोचून घ्या. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात. बाजार करायच्या आधीच हे झालं पाहिजे. नवी घरात आल्यावर धावपळ करून फार उपयोग नाही, आणि आजारी दिसणाऱ्या कोंबडीला तर लस द्यायचीच नाही.

आता भांडणाकडे वळते, कारण लोकांना डोळ्यांनी दिसतं ते भांडण. कोंबड्यांत पायऱ्या असतात. कोणी आधी खायचं, कोणी कोणाला टोचायचं, दांडीवर कोणी कुठं बसायचं, हे ठरलेलं असतं. लहानपणापासून कोंबड्यांकडे टक लावून पाहणाऱ्या थोरलिफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं 1921 मध्ये यावर प्रबंध लिहिला, आणि तेव्हापासून ही गोष्ट शास्त्रात आली. आपल्या आजीला ती त्याच्याही आधी ठाऊक होती. नवी कोंबडी आली की एकट्या तिचीच जागा ठरायची नसते, सगळ्यांच्या जागा हलतात. माझ्या पाहण्यात सगळ्यात वरची कोंबडी दोन-चार टोचे मारून गप्प होते. जीव खाऊन मागे लागते ती खालची, जिला आजवर सगळ्यांनी मारलेलं असतं. कोंबडा मात्र लगेच खूश. एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फिरतो, कणीचा दाणा चोचीत धरून खाली टाकतो, परत उचलतो, कुटकुट करून तिला बोलावतो. तो खुशीत आहे म्हणून बाकीच्यांनी तिला घेतलं, असं समजू नका.

तीन आठवडे निभावले की तिचं डालं उचलून अंगणात ठेवा, जिथं सगळ्यांना दाणा टाकता तिथं. तलावात मासे धरायचं जुनं जाळं असेल तर कोपऱ्यात चार काठ्या रोवून ते ताणा, म्हणजे तिला हलायला जागा मिळते. आतबाहेर एकाच वेळी कनकी, म्हणजे तांदळाची कणी, टाका. पहिल्या दिवशी मानेची पिसं फुलवून बाहेरच्या कोंबड्या चकरा मारतील, जाळ्यातून टोचायला पाहतील. हळूहळू त्यांचं लक्ष दाण्याकडे जातं. जाळ्याला टेकून दोघी निवांत पंख साफ करताना दिसल्या की वेळ आली म्हणायची. आठवडा तरी लागतोच.

रात्री गुपचूप दांडीवर ठेवली की सकाळी कोणाला कळत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. मला हे अर्धवट वाटतं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही म्हणून रात्र शांत जाते, एवढंच खरं. उजाडलं की त्या तिला बरोबर ओळखतात. कोंबड्या एकमेकींना तुरा आणि तोंडावरून ओळखतात, आपलीच कोंबडी बरेच दिवस वेगळी राहिली तरी परत आल्यावर तिला मार खावा लागतो. खुराडा बंद असेल तर नवीला पळायला जागा नसते आणि दार उघडेपर्यंत तिचं डोकं सोललेलं असतं. रात्री ठेवायची तर आठवडाभर तोंडओळख झाल्यावर ठेवा, आणि तांबडं फुटायच्या आत उठून दार स्वतः उघडा. दांडीवर प्रत्येकीला वीतभर जागा हवीच.

त्यातही एकटी कोंबडी आणूच नका. दोन आणा, दोघी आधीच्या एका घरच्या असल्या तर फारच चांगलं, मार वाटला जातो. पाणी दोन ठिकाणी, कनकी लांबवर फेकून. अंगणात सरपणाचा भारा, उभी केलेली खाट असं काही असू द्या, आड जायला. अंगानं लहान तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मोठ्या कोंबड्यांत टाकू नका. रक्त निघालं तर ती कोंबडी लगेच उचला, कारण लाल दिसलं की सगळ्या तिथंच टोचतात. हळद तेलात कालवून लावा आणि जखम सुकेपर्यंत बाजूला ठेवा. रक्त नसेल तर मध्ये पडू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या.

वेळ कोणती निवडावी, हेही बाईलाच कळतं. रोवण्याच्या दिवसांत घरी कोणी नसतं, मोहफुलाच्या दिवसांत पहाटेच जंगलात जायचं असतं, कोंबड्यांकडे पाहणार कोण? मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. त्या उन्हात सावलीतून आणि पाण्यावरून हुसकलेली कोंबडी माराआधी उन्हानंच मरते. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

"आमच्या आजीनं कधी केली होती का एवढी उठाठेव?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. केली नाही, कारण आजी बाजारातून कोंबडी आणतच नव्हती. ती बहिणीकडून, जावेकडून अंडी आणायची आणि आपल्या खुडूक कोंबडीखाली टोपल्यात मांडायची. 21 दिवसांनी पिल्लं निघाली की ती आईच्या पंखाखाली त्याच अंगणात वाढायची. कोणी टोचायला आलं तर आई अंगावर धावून जायची. पिल्लं मोठी होईस्तोवर त्यांची जागा आपोआप ठरलेली असायची. आजही माझा पहिला सल्ला हाच असतो. वाण बदलायचं असेल, कळप वाढवायचा असेल तर ओळखीच्या, निरोगी घरची अंडी आणा. बाजारातल्या कोंबडीपेक्षा आजाराचा धोका कितीतरी कमी, आणि भांडण तर नाहीच.

तरीही कोंबडी आणली आणि ती डाल्यातच मेली, तर कापून खायची नाही, नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला फेकायची नाही. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट त्याच आजारानं गेले. आपलं गाव वाघाच्या जंगलाला लागून आहे. दोन हात खोल खड्डा, वरून चुना, वर काट्या, म्हणजे कुत्रं उकरणार नाही. एकाहून जास्त मेल्या तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डालं उन्हात टाका, आणि पुढचा महिनाभर त्या घरात बाजारची कोंबडी येऊ देऊ नका, नवरा कितीही स्वस्त मिळाली म्हणाला तरी.