खुलासा: उन्हाळ्यात अख्खा स्पेन भाजून निघत नाही

‘जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनला जाऊच नका, सगळीकडे ४५ अंश’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यापायी लोक बुकिंग रद्द करताहेत याचं वाईट वाटतं.

खरा भाग दक्षिणेचा. सेव्हिल, कोर्दोबा इथे जुलैत दुपारचं सरासरी कमाल तापमान ३६-३७ अंश असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्दोबा प्रांतात ४७.६ अंशांची नोंद झाली होती. सेव्हिलमध्ये गल्ल्यांवर कापडी छतं ताणतात, आणि जुलैत सूर्य मावळायला साडेनऊ वाजून जातात. लहान मुलं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा भाग एप्रिल किंवा ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.

उत्तर किनारा मात्र वेगळाच. सान सेबास्तियान, सांतांदेर, आ कोरुन्या इथे याच दिवसांत कमाल तापमान सरासरी २२ ते २५ अंश. अटलांटिकचा गार वारा येतो आणि कांताब्रियन डोंगर आतला उष्मा अडवतात. हे आकडे स्पेनच्या सरकारी हवामान संस्थेच्या, एमेटच्या, दीर्घकालीन सरासरीचे आहेत. कुणीही पडताळून पाहावेत.

तिथे पाऊस मध्येच येतो, छत्री लागते. दक्षिणेचा वारा सुटला की बिल्बाओतही पारा चाळिशी गाठू शकतो, म्हणून निघण्याआधी अंदाज बघाच. ऑगस्टमध्ये स्पॅनिश कुटुंबंही तिकडेच धावतात, खोल्या महागतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.