जवारीची गिटार

पहिली इलेक्ट्रिक गिटार रंग बघूनच घ्यावी. काळी की लाल, हे ठरल्याशिवाय ग्वाल्हेरच्या बाड्याच्या बाजाराच्या दिशेने पाऊलसुद्धा टाकू नका. दुकानदाराने "काय वाजवणार?" असं विचारलं तर प्रश्न टाळा. त्याला काय कळतंय! तुम्ही ख्यालगायक हद्दू-हस्सू खाँच्या गावचे. भातखंड्यांनी माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने 1918 साली संगीत महाविद्यालय उभं केलं ते याच शहरात, आणि तुमच्या माळ्यावर आजोबांचा तंबोरा आहे, खोळीसकट. आणखी काय शिकायचं उरलंय? फार तर हजीऱ्याला जाऊन तानसेनाच्या कबरीशेजारच्या चिंचेची चार पानं चघळून या. गळा गोड होतो म्हणतात. बोटांचंही काहीतरी होत असेलच.

बजेट 15 हजारांचं आहे ना? मग 15च्या 15 हजार गिटारवरच घाला. अ‍ॅम्प, केबल, ट्यूनर, पट्टा या गोष्टी नंतर होतात. बस्त्यातच सगळे पैसे संपवून मांडव उधारीवर घालणारी माणसं आपण, इथेच का हात आखडायचा? खोलीपुरता 10 वॉटचा अ‍ॅम्प पुष्कळ होतो, असं कुणी म्हणालं तर हसा. अ‍ॅम्पशिवाय या गिटारीचा आवाज कोथिंबीर निवडताना येतो तेवढाच येतो, हे खरंय. भरीव लाकूड, तंबोऱ्यासारखा भोपळा नाही, की साध्या गिटारीसारखं पोकळ पोट नाही. तारांखाली लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, म्हणजे कॉइल, असते. वरची पोलादी तार हलली की कॉइलमध्ये वीज उमटते, आणि ती वीज अ‍ॅम्पमध्ये जाऊन आवाज होते. पण अ‍ॅम्प नसला की काकूही खूश राहतात. कुकरच्या शिट्ट्या नीट मोजता येतात.

आता नाव. गिटारीच्या डोक्यावर काय लिहिलंय ते मित्रांना लांबून वाचता आलं पाहिजे. स्क्वायर ही फेंडर या बड्या गिटार कंपनीचीच स्वस्तातली शाखा आणि एपिफोन ही तशाच बड्या गिब्सनची, पण 'शाखा' हा शब्द ऐकूनच नाक मुरडा. यामाहाची पॅसिफिका तर मुळीच नको. मोटारसायकलवाल्यांना स्वरातलं काय कळणार? 1887 साली त्यांनी पायपेटीपासून सुरुवात केली आणि त्यांच्या खुणेत आजही तीन ट्यूनिंग फोर्क असतात, ही माहिती चारचौघांत काढू नका. उगाच वादाची मजा जाते.

ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, मात्र फ्लॉइड रोझ पद्धतीचाच घ्या, तो दांडा ओढायचा असतो तसला. हा ब्रिज एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगा, यांच्यामध्ये तरंगत असतो. एक तार चढवली की उरलेल्या पाच उतरतात. त्या चढवल्या की पहिली रुसते. एकत्र कुटुंबच ते! नवशिक्याची संध्याकाळ छान जाते, आणि वाजवायची वेळच येत नाही.

आता खरी मेख. स्वस्त गिटार खोक्यातून निघते तेव्हा बहुधा तारा पडद्यांपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, फार उंच असतात, नाहीतर इतक्या खाली की फरफरतात. काही खुळे म्हणतात की बाराव्या पडद्यावर साधारण दोन मिलिमीटर अंतर ठेवावं, मानेतली सळई किंचित पिळून मान सरळ करून घ्यावी, तारा 9 नंबरच्या बारीक लावाव्यात, आणि बारावा पडदा दाबून निघणारा स्वर त्याच जागी नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वराशी जुळतोय का ते बघावं. मे महिन्यात आपला पारा 45च्या पुढे जातो, श्रावणात भिंतींना ओल येते, लाकूड हलणारच, तेव्हा हे वर्षातून एकदा-दोनदा करावं, असंही म्हणतात. म्हणजे हजारभर रुपयांत कारागिराकडून 15 हजारांची गिटार हाताला गोड करून घ्यायची. मग महागडी घ्यायचं निमित्त काय उरलं?

तारा उंच असतील तर तशाच राहू द्या. बोटं सोलवटतील, एफचा कॉर्ड जन्मात लागणार नाही, आणि "आपल्या हातातच नाही" असं म्हणायला तुम्ही मोकळे. फरफरत असतील तर त्याहून भाग्य. आजोबा अर्धी अर्धी सकाळ तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवण्यात घालवायचे, तेव्हा कुठे जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणकार, खुलायची. तुमच्या गिटारीला ती कारखान्यातूनच आली, एक पैसा जास्त न देता. आजोबा असते तर डोळे भरून आले असते. कशामुळे, ते विचारू नका.

उधारीचा अ‍ॅम्प लागला की आणखी एक लाभ. घराला अर्थिंग नसलं, तीन पायांच्या पिनेचा एक पाय पक्कडीने तोडलेला असला, की एकेरी कॉइलच्या गिटारीतून अखंड गुणगुण येते. आपली वीज 50 हर्ट्‌झची. पाश्चात्त्यांचा 'जी' (G) हा स्वर खर्जात 49 हर्ट्‌झचा. म्हणजे वीज कंपनी फुकटात तंबोरा छेडतेय, जरासा चढा एवढंच. तारांना हात लावला की बऱ्याचदा तो गप्प होतो. कधीकधी मात्र हाताला झिणझिण्या येतात, तो रियाजाचा परिणाम समजू नका, आधी बटण बंद करा. (एवढं वाक्य मनापासून लिहिलंय.) गिब्सनच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने 1955 साली दोन उलट्या कॉइल शेजारी बसवून ही गुणगुण मारली. हमबकर म्हणतात त्याला. ग्वाल्हेरला जन्मला असता तर असलं पाप केलं नसतं.

एवढं सगळं मनापासून पाळलंत तर डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या सुमारास, गिटार माळ्यावर तंबोऱ्याशेजारी जाईल. होळीपर्यंत ती विकायला निघेल: "दोनदाच वाजवलेली, लाल, नवीच समजा." तेव्हा कृपा करून आधी मला कळवा. सहा हजार रोख देईन. जवारीसकट चालेल, माझ्याकडे स्क्रू पिळायची छोटी अ‍ॅलन की आहे. मागच्या चारही मी अशाच घेतल्या.