क्रॉसओव्हर कापायला घेण्याआधी हे वाचा

रविवारी मिरजेहून मामांचा फोन आला. "अरे, गाणं पांघरुणाखालून आल्यासारखं वाटतंय, तंबोऱ्याची जवारी गेलीच." विचारल्यावर कळलं, की व्हॉट्सॲपवर फिरणारा तो लांबलचक मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता. तो वाचून त्यांनी १५ वर्षं उत्तम वाजणाऱ्या स्पीकरची पाठ उघडली, आतलं क्रॉसओव्हरचं सर्किट (खालचे सूर मोठ्या वूफरकडे आणि वरचे छोट्या ट्वीटरकडे वाटून देणारं) कापलं आणि वूफर-ट्वीटर थेट ॲम्पला जोडले. दोन्ही ट्वीटर जळाले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच ड्रायव्हरचा (स्पीकरमधल्या आवाज काढणाऱ्या भागाचा) फुल-रेंज, म्हणजे सगळे सूर एकट्याने वाजवणारा, स्पीकर हाच खरा. क्रॉसओव्हर सुरांचे तुकडे करतो, तो काढून टाका. एक कोन (ड्रायव्हरचा हलणारा कागदी शंकू) २० ते २०,००० हर्ट्झ सगळं वाजवतो. ८ वॅटचा ॲम्प पुरतो. आणि माणसाचा गळा एकच, म्हणून कोनही एकच हवा.

"काढून टाका" हे लिहिणाऱ्याचा मला खरोखर राग आला आहे. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. तिच्या वाटेवरचा कपॅसिटर खालचे सूर अडवतो, म्हणून ती जगते. तो काढलात की डग्ग्याची सगळी ताकद त्या तारेवर येते आणि ती तापून तुटते. शिवाय ८ ओहमचे दोन ड्रायव्हर थेट समांतर जोडले की ॲम्पला ४ ओहमचा भार दिसतो, म्हणजे त्याच्यावर जास्त ताण येतो. मामांचा ॲम्प वाचला हे नशीब. आणि क्रॉसओव्हर कापल्याने दोन ड्रायव्हरचा स्पीकर फुल-रेंज होतच नाही. फुल-रेंज ड्रायव्हर मुळातच वेगळा घडवलेला असतो.

आता गळ्याचा मुद्दा. गळा एकच असतो, कबूल. पण त्या गळ्याला तबला, पेटी आणि तंबोरा एकाच वेळी वाजवावा लागत नाही, स्पीकरला लागतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला, तर तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ला. बंद खोक्यातल्या कोनाला एक सप्तक खाली तेवढंच मोठं वाजायचं तर चौपट हलावं लागतं. ४ इंची कोन एवढा हलेल कुठून? तंबोरा त्यातूनही निभावतो, कारण त्याच्या वरच्या स्वरांवरून कान खर्ज भरून काढतो. डग्ग्याचं तसं होत नाही. घुमारा जातो आणि नुसती थाप उरते. वर आवाज वाढवला, की डग्ग्यावरच्या प्रत्येक घिश्श्याबरोबर त्याच कोनवरचा आलापही थरथरतो.

मग मोठा कोन घ्या म्हणाल, तर ८ इंची कोन वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे समोरच फेकतो. १०,००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची, कोन तिच्या कितीतरी पट रुंद. खुर्ची हातभर सरकवली की झांज मंदावते. म्हणूनच ब्रिटिश अभियंते पॉल व्होइट यांनी १९३०च्या दशकात मोठ्या कोनच्या मध्यावर वरच्या सुरांसाठी दुसरा छोटा कोन बसवला. त्यांच्याच परंपरेतल्या लोथर कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये तो आजही दिसतो. "एकच कोन"चा जप करणाऱ्यांनी तो एकदा जवळून पाहावा. तिथेही कामाची वाटणी झालेलीच आहे, फक्त ती तारेऐवजी कागदात केली आहे.

८ वॅटचं म्हणाल तर लहान खोलीत, मध्यम आवाजाला पुरतात. मोठ्या खोलीत पुरवायचे तर बहुधा कपाटाएवढं हॉर्नचं (कर्ण्यासारखा आवाज वाढवणारं) खोकं लागतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये सुरांची वाटणी बहुतेकदा २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे कान जिथे सर्वांत तीक्ष्ण त्याच्या उंबरठ्यावर. ती वाईट केली तर आवाज फाटतो. चांगल्या फुल-रेंजवर, जवळ बसून, हळू आवाजात नुसतं गाणं ऐकलं तर गायक समोर बसल्यासारखा वाटतो. मी ते ऐकलंय आणि मला आवडलंय.

पण "खरा स्पीकर" कोणता, याचा कस आधीच लागला आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले आणि १९८६ साली निष्कर्ष छापले. समोरून सपाट-सलग (कुठलाही सूर कमी-जास्त न करता) आणि बाजूंनीही तसाच रुंद आवाज देणारे स्पीकर लोकांनी पसंत केले. एकट्या कोनला नेमकं तेच सर्वांत जड जातं.

मामांसाठी ट्वीटरची जोडी मागवली आहे. कापलेली सर्किटं त्यांनी सुदैवाने डब्यात ठेवली होती. शनिवारी मिरजेला जाऊन पुन्हा सोल्डर करणार आहे. मेसेज ज्या ग्रुपवरून आला, तिथे हे सगळं आज टाकतो आहे.